एकाला चार

कुंभार पिंपळगावात कुणी ‘एक द्या, चार घ्या’ असं म्हणालं की ऐकणाऱ्याचा हात आधी खिशावर जातो. गावाने तसल्या योजना पाहिल्या आहेत, त्या आणणारी गोड बोलणारी माणसं पाहिली आहेत आणि नंतर त्यांच्या कचेऱ्यांना लागलेली कुलपंही पाहिली आहेत. त्यामुळे ऐन बाजाराच्या दिवशी, बद्रीनाथच्या किराणा दुकानापुढच्या बाकावर बसून रामकिसन गुरुजींनी जेव्हा जाहीर केलं की एक युनिट वीज दिली की चार युनिटांची ऊब मिळते, तेव्हा बाकावरचे सगळे हात आपापल्या खिशावर गेले.

“गुरुजी, तुमी बी?” बद्रीनाथ दुखावल्या आवाजात म्हणाला. तो दुकानदार तर होताच, शिवाय गुरुजींचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी होता. शेजाऱ्याच्या भल्याची काळजी वाहणं हा त्याचा खरा धंदा. किराणा आपला जोडीला. “किती भरले ते सांगा. आजून परत मागायला टाइम हाय.”

“मी काही भरलेलं नाही. ही योजना नाही, जालन्याला तुझ्यासमोर घेतलं ते यंत्र आहे,” गुरुजी म्हणाले. “हीट पंप म्हणतात त्याला. आंघोळीचं पाणी तापवतं.”

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण रामकिसन गुरुजी बत्तीस वर्षं गावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हा नियम त्यांनी अर्ध्या गावाकडून पाठ करून घेतलेला. ज्यांना पाठ झाला नाही त्यांनी तो शंभर वेळा लिहिलेला. त्यांच्यातलाच एक, कल्याण, त्या वेळी बाकाच्या टोकाला बसून चहा पीत होता. हा आता गावचा वायरमन. दहावीच्या चाचणीत त्याने ‘ऊर्जा निर्माण करता येते, उदाहरणार्थ आमच्या मळ्यातलं इंजिन’ असं उत्तर लिहिलं होतं, आणि गुरुजींनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

कल्याणने कप खाली ठेवला. वीस वर्षं तो या क्षणाची वाट पाहत असावा.

“गुरुजी, एकाचे चार झाले म्हंजी तीन नवे आले. ते कुटून आले? ऊर्जा निर्माण करता येत न्हाई. शंभरदा लिव्हलंय मी. चार दिवस बोटं दुखू राह्यल्ती.”

गुरुजींनी शांतपणे समजावलं. हे यंत्र ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेतं आणि पाण्यात नेऊन टाकतं. वीज लागते ती फक्त या हमालीसाठी. इतकं सोपं, सुटसुटीत स्पष्टीकरण त्यांनी बत्तीस वर्षांत वर्गातसुद्धा दिलं नव्हतं. बाकावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. दिवाळीच्या थंडीत हवेत ऊब असते हे मान्य करायला कुणी तयार नव्हतं, आणि गुरुजींना जालन्याच्या दुकानदाराने बराबर गाठलंय याबद्दल सगळ्यांचं एकमत झालं.

इथे गुरुजी चिडले. चिडले की त्यांचं शुद्ध मराठी सुटतं.

“कल्याण, दिवाळीत घरी ये. मीटर तू वाच, हिशोब मी करतो. एकाला चार आले तर तो नियम तू पुन्हा शंभरदा लिव्हायचा. न्हाई आले तर मी लिव्हतो. हितंच, ह्याच बाकावर बसून, समद्यांसमोर. मंग?”

आपल्याच विद्यार्थ्यापुढे बसून ओळी लिहिणं म्हणजे बत्तीस वर्षांच्या नोकरीवर बोळा फिरवणं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द परत घेण्याची गुरुजींना सवय नव्हती.

वास्तविक या सगळ्याच्या मुळाशी ऊर्जाही नव्हती आणि नियमही नव्हता. मुळाशी होता परसातला तांब्याचा बंब. सोनूबाई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, लग्न होऊन आल्यापासून रोज पहाटे तो पेटवायच्या. जळण म्हणून शेतातल्या कापसाच्या वाळलेल्या काड्या, पऱ्हाट्या. त्यांचा धूर असा की परसात सुरू होतो आणि स्वयंपाकघरात येऊन बसतो. अलीकडे दिवाळी ते होळी सोनूबाईंचा खोकला थांबत नसे. अंबडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं होतं, धूर बंद करा, नाहीतर माझ्याकडे येत राहा. सोनूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “एखादा साधा गिझर आना.”

त्यांची चूक झाली ती ‘साधा’ या शब्दात. विज्ञानाच्या शिक्षकाला साधी गोष्ट आणायला सांगू नये.

गुरुजी जालन्याला गेले. बद्रीनाथ न बोलावता बरोबर आला, कारण मोठ्या दुकानात एकट्या माणसाला फसवतात. दुकानात गिझरवर तारे छापलेले होते. बद्रीनाथने लांबूनच निकाल दिला, पाच तारेवाला घ्या. गुरुजींनी मात्र चष्मा चढवून लेबल वाचायला घेतलं, आणि सेल्समनला पहिल्यांदा घाम फुटला.

“हे तारे कशाचे?” गुरुजींनी विचारलं.

“चांगल्याचे, सर.”

“कशात चांगला?”

सेल्समन मालकाकडे गेला, मालकाने फोन लावला आणि अर्ध्या तासाने ते उघडकीस आलं. गिझरचे तारे म्हणजे एकदा तापलेलं पाणी टाकीत किती वेळ गरम राहतं त्याचे गुण. तापवायला वीज किती लागते, याच्याशी त्यांचा संबंध नाही. तिथे सगळे गिझर सारखेच, एकाला एक. शिवाय ताऱ्यांच्या खाली साल छापलेलं असतं, नियम मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या सालातला पाच ताऱ्यांचा डबा नव्या सालात तीन ताऱ्यांचाही ठरू शकतो. गुरुजींना हे फार पटलं. कॉपीच्या काळातले गुण आणि कडक पर्यवेक्षणातले गुण त्यांनी कधीच एका पारड्यात तोलले नव्हते.

कोपऱ्यात धूळ खात एक उंच, पांढरी टाकी आणि शेजारी पंख्याचं खोकं उभं होतं. त्यावर एकही तारा नव्हता. फक्त एक आकडा होता, ४.०, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ.

“ह्याला तर एक बी चांदनी न्हाई,” बद्रीनाथ कुजबुजला. “नापास दिसतंय.”

पण गुरुजींनी तो आकडा वाचला, त्याचा अर्थ विचारला, अर्थ सांगता न आल्याबद्दल सेल्समनची कानउघाडणी केली आणि स्वतःच त्याला तो समजावून सांगितला. इतकं झाल्यावर यंत्र न घेता बाहेर पडणं शोभलं नसतं. खालची मुंगीएवढी ओळ मात्र घाईत वाचायची राहिली. दुसऱ्यांना प्रश्नपत्रिका दोनदा वाचा असं बत्तीस वर्षं बजावणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं, याची नोंद करून पुढे जाऊ.

यंत्र घरी येण्याआधीच गुरुजींनी बंब भंगारवाल्याला दिला.

“आधी नवं चालू तर होऊ द्या,” सोनूबाई म्हणाल्या. “मंग मोडा की.”

“बंब राहिला तर तू पेटवणार,” गुरुजी म्हणाले. “मला माहीत आहे.”

मग मीटरचा प्रश्न आला. पैजेचा निकाल नीट लागावा म्हणून गुरुजींना यंत्रासाठी वेगळा मीटर हवा होता. वीज कार्यालयातल्या बाईंनी अर्जावरचा ‘पंप’ हा शब्द पाहिला आणि सातबारा मागितला. गुरुजी म्हणाले, हा बाथरूमचा पंप आहे. बाईंनी विचारलं, बाथरूममध्ये विहीर आहे का बोअर? विहीर नसेल तर तसा दाखला आणा. विहीर नसल्याचा दाखला कोण देतं याची गुरुजींनी तीन ठिकाणी चौकशी केली. तलाठ्याने सांगितलं की विहीर असेल तरच त्यांच्याकडे नोंद असते, नसलेल्या विहिरी ते लिहीत नाहीत. शेवटी कल्याणनेच आपल्या दुकानातला छोटा मीटर आणून जोडला. प्रतिस्पर्ध्याच्या मीटरवर परीक्षा द्यावी लागणं गुरुजींना लागलं, पण पर्याय नव्हता.

यंत्र बसवायच्या दिवशी कल्याण परसात उभा राहून भिंत पाहत होता. तेवढ्यात बद्रीनाथ भिंतीवरून डोकावला.

“उघड्यावर? गुरुजी, तांबं हाय त्याच्यात. एका रातीत गायब व्हईल.”

हे गुरुजींना पटलं. घरात सगळ्यात भक्कम कडी-कुलूप होतं ते मागच्या कापसाच्या खोलीला. आपल्याकडे कापूस वेचून आला की चांगला भाव येईपर्यंत घरातच ठेवतात, आणि घरातल्या माणसांपेक्षा त्याची सोय जास्त बघतात. ओल लागू नये म्हणून खिडकी कायमची बंद, फटींना पोतं. खोली अर्धी कापसाने भरलेली होती. टाकी न्हाणीत उभी राहिली, पंख्याचं खोकं इथे बरोबर कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसलं, आणि गुरुजींच्या मते यापेक्षा सुरक्षित जागा सबंध घनसावंगी तालुक्यात नव्हती.

कल्याणने कंपनीचा कागद उलगडला. “गुरुजी, ह्यात लिव्हलंय, मोकळ्या हवेत बसवा.”

“का? खोलीत हवा नाही का? पोकळी आहे?” गुरुजींचा आवाज वर्गातला झाला. “मी तुला शिकवलंय की तू मला?”

कल्याणने कागद कोनाड्यात ठेवला. गुरुजींची चूक दाखवल्यावर काय होतं ते त्याला दहावीपासून ठाऊक होतं.

दिवाळीची पहिली आंघोळ आली. मुलीचं, आकांक्षाचं लग्न उन्हाळ्यात झालेलं, त्यामुळे जावई दिवाळसणाला आलेले. आदल्या दुपारी यंत्र सुरू झालं. रांगोळी झाली, पाट मांडला, उटणं कालवलं, जावयांच्या डोक्यावर तेल घातलं. पहाटे टाकीचा नळ सोडला आणि जावई “अरे!” असं म्हणून पाटावरून उठले. पाणी सदतीस अंश होतं, म्हणजे जावयांच्या अंगाइतकंच. अंगावर पडलं तरी पडल्याचं कळू नये असं.

कल्याण मीटर वाचायला हजर होताच. गुरुजींनी पाटीवर हिशोब मांडला. दोनशे लिटर पाणी, चोवीस अंशांवरून सदतीसवर, म्हणजे तीन युनिटांची ऊब. कल्याणने मीटर वाचला. वीज खर्च झाली तीन युनिट.

“एकाला एक,” कल्याण म्हणाला, आणि मग अतिशय आदराने, “गुरुजी, तुमचा नियम बराबर हाय. ऊर्जा बिलकुल निर्माण झाली न्हाई.”

बद्रीनाथने या प्रसंगी आपला मोठेपणा दाखवला. त्याचा बंब धडधडून पेटला होता. “शेजारी कशाला अस्तो?” असं तो प्रत्येक बादलीबरोबर म्हणाला, आणि बादल्या अकरा लागल्या. बादल्या आणायला सोनूबाईच गेल्या. अकराव्या बादलीला त्यांना खोकल्याची उबळ आली, त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या, आणि गुरुजींनी ते पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या हातातल्या पाटीची लाज वाटली.

“हारले का मंग?” कल्याणने विचारलं. तो तसा वाईट नव्हता, त्याने हळूच विचारलं.

“दिवाळीत ये म्हणालो होतो,” गुरुजी कडाडले. “पहिल्या आंघोळीलाच निकाल लावतो असं म्हणालो नव्हतो! दिवाळी आजून संपली न्हाई. पाडव्याला मोजू!”

कल्याण गेला, आणि गुरुजी ओसरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. काही सुचत नव्हतं. नियम चुकीचा नव्हता, आकडा खोटा नव्हता, आणि पाणी कोमट होतं.

फराळाचे डबे कापसाच्या खोलीतल्या फळीवर असायचे. चिवडा आणायला सोनूबाई आत गेल्या आणि अंगावर पदर आवळत बाहेर आल्या. त्यांच्या हातात चिवड्याऐवजी खोबरेल तेलाची बाटली होती. त्यांनी ती उलटी धरली. तेल पडलं नाही. दगडासारखं गोठलं होतं.

“अहो, आत माघ महिना लागलाय. कापूस गारठला, त्या खोक्यावर बर्फ धरलाय पांढरा.”

“असेल,” गुरुजी म्हणाले.

“असंल काय? तुमीच त्या बाकावर सांगू राह्यले व्हते ना, हे हवेतली ऊब वडून नेतं? मंग ह्यानं कोंडलेल्या खोलीतली व्हती तेवढी ऊब खाल्ली. आता खिडकी बंद, फटीला पोतं. खाईल काय? दावणीला बांधलं आन् चारा टाकलाच न्हाई, तर म्हैस दूध देती का?”

गुरुजी हळूच उठून खोलीत गेले. गार हवेत उभे राहिले. कंपनीचा कागद कोनाड्यात होता, ‘मोकळ्या हवेत बसवा’ ठळक अक्षरांत. मग न्हाणीत जाऊन टाकीवरची मुंगीएवढी ओळही त्यांनी भिंग लावून वाचली. चारचा आकडा होता हवा सत्तावीस अंश असतानाचा. हा आकडा टाकीचा नव्हता, टाकी आणि हवा दोघांचा मिळून होता. हे आपल्याला कळायला हवं होतं, हे त्यांना कळलं. बाहेर येऊन ते म्हणाले, “मला तशी शंका होतीच.”

सोनूबाईंनी गोठलेल्या तेलाची बाटली त्यांच्या हातात ठेवली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कल्याणने खोकं कापसाच्या खोलीतून काढून गोठ्याच्या उघड्या बाजूला बसवलं आणि वरून जाळी ठोकली. तिथे म्हैस होती, आणि तिच्याइतका चौकस राखणदार गुरुजींना मिळणार नव्हता. यावर कल्याणने हरकत घेतली. म्हैस गरम असते. तिची ऊब हिशोबात धरता येणार नाही, ती कॉपी झाली. गुरुजींना हा आक्षेप शास्त्रीय वाटला. परीक्षेपुरती म्हैस बद्रीनाथच्या दारात बांधायचं ठरलं, आणि तिथे तिने त्याच्या पाडव्याच्या रांगोळीचं काय केलं ते सांगण्यासारखं नाही.

पाडव्याला पहाटे पाचला यंत्र सुरू झालं. सात वाजता बाकावरची सगळी मंडळी परसात आली. बाक सोडला तर सगळंच आलं. नऊला टाकी पंचावन्न अंशांवर पोचली आणि यंत्र आपणहून बंद पडलं. गुरुजींनी नळाखाली हात धरला आणि झटक्यात मागे घेतला. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण पैज चटक्याची नव्हती, आकड्याची होती.

चोवीसवरून पंचावन्न. दोनशे लिटर. गुरुजींच्या खडूने पाटीवर सात पूर्णांक दोन युनिटांची ऊब लिहिली. कल्याण मीटरवर वाकला, डोळे चोळले आणि पुन्हा वाकला.

“दोन,” तो म्हणाला. “दोनच युनिट, गुरुजी.”

परसात गलका झाला. बद्रीनाथने मीटरवर टिचकी मारून पाहिली. पण कल्याणही गुरुजींचाच विद्यार्थी. त्याने पाटी ओढून घेतली आणि भागाकार केला. “तीन पूर्णांक सहा. चार न्हाई. तुमी चार म्हनले व्हते.”

गुरुजी उभे राहिले, उपरणं सारखं केलं.

“आज पहाटे हवा अठरा अंश होती. चारचा आकडा सत्तावीसचा आहे. वैशाखात ये, चाराच्या वर दाखवतो.”

“वैशाखात कडक पानी कोन अंगावर घेतो?”

“तो प्रश्न वेगळा.” गुरुजींनी खडू उचलला. “चार म्हणालो, तीन पूर्णांक सहा आले. कमी पडले शून्य पूर्णांक चार. चारात ते किती? दहा टक्के. म्हणजे मी दहा टक्के हरलो आणि तू नव्वद टक्के. शंभर ओळींतल्या दहा माझ्या, नव्वद तुझ्या. आहे हरकत?”

कल्याणने बराच विचार केला. आकडेमोडीत खोट सापडेना. दहावीतही त्याला सापडली नव्हती.

बद्रीनाथच्या दुकानातून दोन वह्या आल्या, आणि बाकच उचलून परसात आणला, कारण शब्द म्हणजे शब्द. एका टोकाला कल्याण लिहू लागला, ‘ऊर्जा निर्माण करता येत नाही, पण वाहून आणता येते.’ दुसऱ्या टोकाला गुरुजी लिहू लागले, ‘यंत्र कोंडू नये व कागद आधी वाचावा.’ लोक पाहत होते. गुरुजींनी मान ताठ ठेवली आणि दहाही ओळी अशा वळणदार अक्षरांत काढल्या की शिक्षेऐवजी ते सुलेखनाची स्पर्धा देताहेत असं वाटावं.

मागे न्हाणीत सोनूबाई आंघोळीला गेल्या होत्या. तांब्याचा आवाज येत होता, दाराच्या फटीतून वाफ येत होती. गुरुजी दहावी ओळ संपवून थांबले आणि कान देऊन बसले. कित्येक हिवाळे आंघोळीच्या वेळी तिकडून खोकला ऐकू यायचा. आज तांब्यानंतर तांब्या पडत होता आणि मध्ये काही नव्हतं. गुरुजींचे डोळे भरून आले. धूर नसताना डोळ्यांत पाणी यायचं हे नवीनच होतं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वहीत अकरावी ओळ लिहिली. ती शिक्षेतली नव्हती.

“दाखवा बरं, गुरुजी,” कल्याण बेचाळिसाव्या ओळीवरून म्हणाला.

“तू तुझं बघ,” गुरुजी म्हणाले आणि वही मांडीखाली सरकवली.

सोनूबाई केस पुसत बाहेर आल्या. अंग लालबुंद, चेहरा मोकळा. त्यांनी न विचारता गुरुजींच्या मांडीखालची वही ओढली, लांब धरली आणि अकरावी ओळ वाचली. ‘खोली गारठली हे आधी सोनूबाईच्या ध्यानात आलं.’

त्यांनी ती दोनदा वाचली. मग वही परत दिली.

“हे एकदाच? शंभरदा लिव्हा.”

“दहा टक्के माझ्याही ध्यानात आलं होतं,” गुरुजी म्हणाले, आणि नव्वद ओळींसाठी त्यांनी नवं पान उघडलं.